ऑब्लिव्हियन घ्यायचा, पण कुठला?

एकाच नावाचे दोन गेम शेजारी शेजारी विकायला आहेत आणि त्यातला एक दुसऱ्याच्या कितीतरी पट महाग आहे. मार्च २००६ मध्ये आलेला, तलवारी-जादूच्या जगात आपलं पात्र घडवत हिंडायचा 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन' आजही 'गेम ऑफ द इयर एडिशन डिलक्स' अशा लांबलचक नावाने मिळतो, आणि सेल लागला की जवळजवळ फुकटात. दुसरा 'ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड', म्हणजे त्याचीच नव्याने सजवलेली आवृत्ती. २२ एप्रिल २०२५ ला जाहीर झाला आणि त्याच दिवशी विकायलाही आला, ४९.९९ डॉलरला. गोष्ट तीच, नकाशा तोच, 'शिव्हरिंग आइल्स' आणि 'नाइट्स ऑफ द नाइन' हे दोन्ही डीएलसी (गेमला नंतर जोडलेले जादा भाग) दोन्हींत आहेतच. मग वरचे पैसे कशाचे?

बहुतेक जण म्हणतील, ग्राफिक्सचे. मला विचाराल तर नुसत्या ग्राफिक्ससाठी एवढे मोजू नका. रीमास्टरमध्ये खरोखर पैसे वसूल करणारी एकच गोष्ट आहे आणि ती स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही: लेव्हल, म्हणजे पात्राच्या प्रगतीची पायरी, वाढवायची पद्धत.

त्याआधी रीमास्टर आतून कसा आहे ते बघू. डोळ्यांना दिसतं ते सगळं अनरिअल इंजिन ५ (इंजिन म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) रंगवतं, पण कोण कुठे चाललंय, कुठलं क्वेस्ट (गेममधली कामगिरी) कुठवर आलंय, कुणी काय चोरलं हे ठरवणारं २००६ चं इंजिन खाली चालूच असतं. मूळ गेम करणाऱ्या बेथेस्डासोबत व्हर्च्युओस या स्टुडिओने हे काम केलं. म्हणून जुन्याचे गुण उतरले, तसे खोडसाळपणेही उतरले. सम्राट युरिएल सेप्टिम आजही पॅट्रिक स्टुअर्टच्या आवाजात बोलतो आणि थोड्याच वेळात मरतो. त्याचा मुलगा मार्टिन, त्याला आवाज शॉन बीनचा. गावकरी एकमेकांशी तसलंच तुटक, असंबद्ध बोलतात. टँडिल्वे नावाच्या पात्राचा एक संवाद म्हणताना कलाकार अडखळते आणि वाक्य परत घेते. रेकॉर्डिंगमधला तो तुकडा मूळ गेममध्ये राहून गेला होता, तो रीमास्टरमध्येही आहे. कुणाला यात ढिसाळपणा दिसेल, मला माया दिसते.

आता लेव्हलचं. मूळ गेममध्ये २१ कौशल्यं. त्यातली सात तुमची 'मेजर'. मेजर कौशल्यं मिळून दहा वेळा वाढली की तुम्ही झोपायचं, आणि उठताना लेव्हल वाढलेली. त्या वेळी तीन गुण वाढवायला मिळतात: ताकद, चपळाई, सहनशक्ती वगैरे. पण कुठला गुण किती वाढणार हे त्या लेव्हलमध्ये त्याच्याशी जोडलेली कौशल्यं तुम्ही किती वेळा वाढवली त्यावर ठरतं. दहा वेळा वाढवली तर पाच गुण, नुसतंच मनमोकळं खेळलात तर एखाददोन. त्यात सहनशक्तीचा आणखी एक काच: ती उशिरा वाढवली तर आधीच्या लेव्हलना कमी मिळालेली हेल्थ कधीच भरून निघत नाही.

याचा परिणाम उफराटा होतो. ज्या कौशल्यांत तुम्हाला रमायचं आहे ती मेजर म्हणून निवडू नयेत, असा सल्ला जाणकार द्यायचे, कारण मग लेव्हल कधी वाढवायची हे तुमच्या हातात राहतं. लोक वही-पेन घेऊन बसत, कुठलं कौशल्य किती वेळा वाढलं याच्या रेघा ओढत. गेम खेळताय की खतावणी लिहिताय, असा प्रश्न पडावा. आणि हे करायला लागायचं, कारण शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर वाढतात. तुम्ही तलवारबाज म्हणून सुरुवात केली आणि गप्पा मारून, उड्या मारून लेव्हल वाढवत बसलात, तर शत्रू दणकट होतात आणि तुम्ही आहात तिथेच.

रीमास्टरने ही खतावणी बंद केली. मेजर असो वा मायनर, सगळीच कौशल्यं लेव्हलला हातभार लावतात, आणि दर लेव्हलला १२ गुण मिळतात. ते तीन ठिकाणी वाटायचे, एका ठिकाणी जास्तीत जास्त पाच. फक्त 'लक' महाग आहे, तिथे एका गुणाला चार मोजावे लागतात. बस, एवढंच. हवं तसं खेळा, शिक्षा नाही. ज्याने मूळ गेम पहिल्यांदा हातात घेऊन वीस तासांनी वैतागून सोडला, त्याच्यासाठी हा बदल नव्या ग्राफिक्सपेक्षा मोठा आहे.

पण शत्रू तुमच्यासोबत वाढण्याचं दुखणं रीमास्टरने तसंच ठेवलं. वरच्या लेव्हलला रस्त्यावरचा दरोडेखोर काचेचं महागडं चिलखत घालून उभा राहतो आणि तुमच्याकडे किरकोळ खंडणी मागतो. अरे, ते चिलखत विकलंस तरी जन्माचं भागेल! क्वेस्टची बक्षिसंही तुमच्या त्या वेळच्या लेव्हलप्रमाणे मिळतात. कोरॉलच्या एका शेतकऱ्याच्या दोन मुलांना गॉब्लिनांपासून जिवंत वाचवलं की 'चिलरेंड' ही सुंदर तलवार मिळते. लवकर मिळवलीत तर कायमची लेचीपेची. आणि क्वाच शहरापुढे राक्षसांच्या जगाचं दार उघडतं, ते संकट उलट लवकर निपटावं, कारण खालच्या लेव्हलला दारापलीकडे किरकोळ राक्षस असतात, उशीर केलात तर धिप्पाड. हे दोन्ही आवृत्त्यांना लागू. रीमास्टरने झाडं, चेहरे, उजेड सगळं नव्याने केलं आणि हे सोडलं, म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इथे जुन्याचं पारडं जड होतं. २००६ पासून लोकांनी त्यावर केलेले मॉड (खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल) फुकट आहेत, आणि नेमकी हीच दुखणी त्यांनी केव्हाच बरी केली. 'ऑस्क्युरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल' घातला की दरोडेखोर दरोडेखोरासारखे राहतात आणि धोकादायक जागा पहिल्या दिवसापासून धोकादायक असतात. खतावणी नको असेल तर त्यासाठीही मॉड आहेत. अनऑफिशियल पॅच शेकडो चुका दुरुस्त करतो. मूळ मेनूंतली अक्षरं त्या काळच्या टीव्हीसाठी केल्यासारखी मोठी आहेत, त्यावर 'डार्नीफाइड यूआय' आहे. शिवाय 'नेहरिम': सुरएआय या हौशी गटाने २०१० मध्ये ऑब्लिव्हियनच्या इंजिनावर केलेला एक आख्खा वेगळा गेम, वेगळा प्रदेश, वेगळी गोष्ट. मूळ ऑब्लिव्हियन तुमच्याकडे असला की तो फुकट. रीमास्टरला अधिकृत मॉड-आधार नाही. लोक तरीही मॉड करतात, पण जुन्याइतकं मोकळं रान तिथे नाही.

अडचण अशी की हे सगळं बसवायला एक संध्याकाळ जाते. कधी दोन. क्रम चुकला की गेम सुरूच होत नाही, मग कुठल्या फाइलने घोळ घातला ते शोधत बसा. काहींना यातच मजा येते (मला येते, हे कबूल करतो). तुम्हाला येत नसेल तर जुना गेम दिसतो तितका स्वस्त नाही.

सोयीच्या बाबतीत रीमास्टर सरळ पुढे आहे. सुसाट धावता येतं; मूळ गेममध्ये स्प्रिंट नव्हताच. पीसीवर गेमपॅड नीट चालतो. थर्ड पर्सनमध्ये (कॅमेरा पाठीमागे असतो तेव्हा) पात्र बर्फावर घसरल्यासारखं चालत नाही. वेगवेगळ्या वंशांना नवे आवाज दिल्यामुळे अर्धं राज्य एकाच माणसाने व्यापलंय असं वाटत नाही. डिफिकल्टी मात्र आला तेव्हा पाच पायऱ्यांत होती, आणि 'अडेप्ट'वरून 'एक्स्पर्ट'वर गेलं की पायरी नाही, कडाच लागायचा. जुन्यात साधी सरकपट्टी आहे, हवी तेवढी सरकवा.

दिसण्याबद्दल दोन शब्द. चेहरे सुधारले, गुहा अप्रतिम झाल्या. पण सायरोडिलचा, म्हणजे गेममधल्या प्रदेशाचा, जुना तो हिरवागार, परीकथेतला भडकपणा जाऊन जरा मातकट छटा आली आहे. ज्यांना जुना रंग आठवतो त्यांना ती खटकते, नव्यांना कळणारही नाही.

मशीनचा हिशेब मात्र आधी करा. रीमास्टरला किमान १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०७० टीआय किंवा त्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीवर १२५ जीबी जागा लागते. शिफारस ३२ जीबी रॅमची आहे. आणि चांगल्या मशीनवरही उघड्या मैदानात फिरताना गेम अडखळतो, ही त्याची सर्वांत मोठी तक्रार. जुना गेम आज कुठल्याही साध्या लॅपटॉपवर धावतो.

रीमास्टरची एक महागडी 'डिलक्स' आवृत्तीही आहे. तिच्यात जादा काय, तर मुख्यतः थोडी शस्त्रं, चिलखतं आणि घोड्याची चिलखतं. २००६ मध्ये याच गेमने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकून जगभर स्वतःचं हसं करून घेतलं होतं. तो विनोद परत विकत घ्यायची गरज नाही, साधी आवृत्ती पुरे.

तर, मशीन जुनं असेल किंवा मॉडशी खेळायची आवड असेल, तर डोळे मिटून जुना घ्या. मशीन दमदार आहे, ऑब्लिव्हियन कधी खेळला नाही आणि घेतला की लगेच बसायचं आहे, तर रीमास्टर, पण सेलमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या 'गेम पास'चं सबस्क्रिप्शन असेल तर विकत घेण्याआधी तिथे शोधा, रीमास्टर पहिल्या दिवसापासून तिथे आला होता. मूळ गेम शेवटपर्यंत खेळून झालेल्याने पूर्ण किंमत मोजू नये, आठवणी तेवढ्या महाग नसतात.

स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. मेख इथे आहे: सुरुवातीचा सगळा भाग तुरुंगात, भुयारात आणि गटारात जातो, तिथे गेम लोण्यासारखा चालतो. खरी परीक्षा बाहेरच्या उजेडात. म्हणून पहिल्या खेपेला चेहरा घडवण्यात तासभर घालवू नका, मिळेल ते पात्र घ्या आणि गटारातून सुटा. बाहेर पडण्याआधी गेम वंश, क्लास आणि राशी बदलायची संधी देतोच. तिथे सेव्ह करा, तळ्याकाठाने दहा मिनिटं रानात पळा, आणि अडखळणं सोसवतंय का ते बघा. सोसवत नसेल तर घड्याळात अजून वेळ शिल्लक असेल.