महागडी फ्लाय लाइन की साधी?

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या हलक्या गळाने मासे धरताना, गळाला वजन जवळजवळ नसतंच. फेकली जाते ती दोरी, म्हणजेच लाइन. त्यामुळे रॉडपेक्षा लाइनवर पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे. पण किती?

अमेरिकेत नामांकित लाइन 100 ते 130 डॉलरला मिळते, साधी 30-40 डॉलरच्या आसपास. वजनाचं माप दोन्हींना एकच: 5 नंबरच्या (नंबर वजनावरून ठरतो) लाइनचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम. फरक असतो तो आवरणात आणि निमुळतेपणात. महागड्या लाइनचं आवरण गुळगुळीत असतं, ती गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमधून, सरसर निघते आणि टोक जास्त काळ तरंगतं. साधी लाइन रिळावरून वेटोळी घेऊनच उतरते. दर वेळी हाताने ताणून सरळ करावी लागते.

आपल्याकडे मात्र खरा प्रश्न उन्हाचा. थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठी बनवलेली लाइन, कितीही महाग असो, पुण्याच्या एप्रिलमध्ये मऊ पडते आणि हाताला चिकटते. मुळशीकडे मी हे भोगलंय. त्यापेक्षा उष्ण हवामानासाठीची, ताठ गाभ्याची मध्यम किमतीची लाइन कितीतरी बरी.

नवशिक्याने साधीच घ्यावी. शिकताना ती खडकांवर घासणार, पायाखाली येणार. महिन्यातून चार-पाचदा जाणाऱ्याने महाग घ्यावी, पण कोमट साबणपाण्याने पुसत राहावी. आणि डास पळवायचं मलम लावलेल्या हातांनी लाइनला शिवू नका. त्यातलं डीट हे रसायन आवरण खातं, मग किंमत कितीही असो.