मणीमाळ की काड्यांचे गठ्ठे? पहिली-दुसरीच्या लेकरासाठी काय करावं

मोजायचं साधन घरीच करायचं म्हटलं, तर आपल्याकडे तीन गोष्टी हाताशी असतात: चिंचोके, मणी आणि तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. चिंचोक्यांचं लगेच उरकतो. विसापर्यंत ते झकास, त्यापुढे नुसता ढीग. घरात रांगतं बाळ असेल तर ते तोंडात घालणार, हे वेगळंच. खरी निवड शंभर मण्यांची माळ आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे यांच्यातच आहे.

माळ एका बैठकीत होते. दोन रंगांचे पन्नास-पन्नास मणी घ्या आणि दहा लाल, दहा पांढरे असे आलटून पालटून ओवा. पोळ्याच्या बाजारात बैलांच्या साजासाठी येणारे मणी ठसठशीत असतात, लहान बोटांना बरे पडतात. भोक मोठं असलं तर शेवटची गाठ त्यातून निसटते, म्हणून दोन्ही टोकांना शर्टाचं बटण बांधा. सेंटिमीटरभर जाडीचे शंभर मणी म्हणजे मीटरभर माळ. गाठींचं सोडून दोरी आणखी वीतभर मोकळी हवी. कमी ठेवली तर मण्यांत फट पडत नाही आणि मोजलेले कुठे संपले ते दिसत नाही. जास्त ठेवली तर भिंतीवर माळेला झोळ पडतो आणि सारे मणी मधोमध घसरतात.

गठ्ठ्यांना मेहनत जास्त. तुराटीचा जाड बुंधा सोडून बाजूच्या फांद्या घ्या, पेन्सिलीहून थोड्या बारीक. रात्रभर पाण्यात ठेवून साल सोला, कारण तुरीवर फवारणी झालेली असते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, तर घेऊच नका. तिच्यावर फवारे किती पडतात ते सांगायला नको. वाळल्यावर बोटभर लांबीचे तुकडे करा आणि टोकं पॉलिश पेपरने घासा, नाहीतर बोटात कुसळ घुसतं. शंभर लागतील, पण दहा-बारा जास्तच करा, त्या हरवतातच. बांधायला दुकानातलं रबर नको. एप्रिल-मेच्या उन्हात ते चिकट होतं आणि तुटतं. पंक्चरच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणा, अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कापा आणि दोन वेढे देऊन चढवा. लेकराला स्वतःच्या हाताने काढता-घालता आली, तर चकती बरोबर.

आता जिथे माझं मन माळेवरून उडालं ते सांगतो. ४२ मधून १७ वजा करायचे आहेत. माळेवर पोरगं बेचाळिसाव्या मण्यापासून एकेक मणी मागे सरकवत जातं आणि २५ वर थांबतं. उत्तर बरोबर, शाबासकी मिळते. तेच गणित वहीत उभं मांडलं की ते लिहितं ३५. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले! माळेतला दशक कधी सुटतच नाही, त्यामुळे दशक सुटा करणं म्हणजे काय, ते हाताला कळलेलंच नसतं. काड्यांत पळवाट नाही. चार गठ्ठे, दोन सुट्या. सात मागितल्या तर एका गठ्ठ्याची चकती काढावीच लागते. सुट्या झाल्या बारा, त्यातून सात गेल्या, उरल्या पाच. तीन गठ्ठ्यांतला एक गेला, दोन उरले. वहीतली मांडणी हीच आहे.

सत्तावीस ऐकून ७२ लिहिणाऱ्यांनाही गठ्ठे डावीकडे आणि सुट्या उजवीकडे ठेवल्या की फरक दिसतो. आपल्या संख्यानामांत एकक आधी येतो, ही अडचण जुनीच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकविसाचं ‘वीस एक’ असं वाचनही दिलं, तेव्हा केवढा वाद झाला होता.

माळ वाईट आहे असं नाही. पुढची-मागची संख्या, पाच-पाचच्या उड्या, ३८ हे चाळिसाच्या किती जवळ, हे माळेवर जसं दिसतं तसं काड्यांत दिसत नाही. पहिलीला तेवढं पुरतंही. कोणाचं मत वेगळं असू शकतं, पण दुसरीच्या वजाबाकीसाठी एकच वस्तू करायला सवड असेल, तर मी तरी तुराट्याच सोलायला बसेन. फक्त गठ्ठे परत बांधताना मोठ्या माणसाने एकदा मोजून घ्यावेत. नऊ काड्यांचा एक गठ्ठा आत राहिला, तर पुढची सगळी गणितं एकाने चुकतात आणि चूक लेकराच्या माथी बसते.