मोत्याचे शिंपले आणि आठ दिवसांची हमी

घरच्या फिशटँकमध्ये मोती तयार होतील असं सांगून जिवंत शिंपले विकणारे लोक सध्या आमच्या सांगली-मिरज भागात फिरताहेत. मी त्यांच्याकडून शिंपले घेतले. पैसे तर गेलेच, पण टँकमधले मासेही गेले आणि त्याचं दुःख मला पैशांपेक्षा जास्त आहे. सविस्तर लिहितेय, कारण ही फसवणूक शिंपला हातात घेऊन उलटसुलट बघितला तरी दिसत नाही.

विक्रेत्याचा स्टॉल एका शेती प्रदर्शनात होता. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. काचेची टाकी, आरपार दिसणारं पाणी, तळाला बारीक वाळू, तिच्यात अर्धे रुतलेले काळपट तपकिरी शिंपले आणि शेजारी मखमलीवर गणपतीच्या आकाराचे मोती मांडलेले. बोलणारा माणूस मवाळ, घाई न करणारा. "ताई, प्रत्येकात मणी बसवलाय, ऑपरेशन झालेले शिंपले आहेत. तुम्ही फक्त टाकीत सोडायचे. खायला वेगळं काही लागत नाही, पाण्यातली घाणच खातात. उलट फिल्टर बंद केलात तरी चालेल." दीड वर्षात मोती तयार होणार आणि ते मोती तेच परत विकत घेणार, असं छापील कागदावर लिहून दिलेलं. दहा शिंपल्यांचा संच आणि सोबत हिरव्या पावडरीची बाटली, सगळे मिळून चार हजार रुपये. कागदाच्या तळाशी एक ओळ होती: घरी नेल्यापासून आठ दिवसांत शिंपला मेल्यास बदलून मिळेल.

त्या एका ओळीवर हा सगळा धंदा उभा आहे.

मी फिल्टर चालूच ठेवला. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पावडर घालत होते. शिंपले वाळूत शिरले, त्यांची कड थोडी उघडी दिसायची, हात लावला की मिटायचे. आठ दिवस गेले, महिना गेला, सगळं ठीक वाटत होतं. मग एका सकाळी टँकचं झाकण उचललं आणि कुजका वास आला. एंजल मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत होते, दोन तळाशी आडवे पडलेले. अमोनियाच्या टेस्ट किटमधलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गडद हिरवं झालं. वाळूत हात घातला तर एकामागून एक उघडे पडलेले शिंपले हाताला लागले, आत नुसता चिखलासारखा लगदा. पाणी बदललं, एअरपंप वाढवला, उरलेले मासे बादलीत काढले, तरी संध्याकाळपर्यंत बहुतेक गेले. ते एंजल मी अगदी नखाएवढे असल्यापासून वाढवले होते.

शिंपला मेल्याचं आधी का कळलं नाही, असं कुणालाही वाटेल. जिवंत शिंपल्याची दोन्ही झाकणं आतल्या स्नायूंनी ओढून धरलेली असतात. जीव गेला की स्नायू सैल पडतात आणि बिजागरीच्या ताणाने झाकणं उघडतात. पण हे वाळूच्या आत घडतं, त्यामुळे वरून काही दिसत नाही. मासा आजारी पडला तर रंग उतरतो, पोहणं बदलतं, खाणं सुटतं. शिंपल्याला दाखवण्यासारखं यातलं काहीच नाही. तो उपाशी असला तरी अंगातल्या साठ्यावर कित्येक आठवडे जिवंत राहतो, हात लावला तर मिटतो, आणि मग मरतो. हमी आठ दिवसांची का असते, ते इथे लक्षात येतं.

माझा भाचा रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलाय. त्याला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "मावशी, पाणी हिरवं होतं का?" कसं असेल? फिशटँकचं पाणी स्वच्छ ठेवायला तर आपण धडपडतो. तो म्हणाला, मोत्यांच्या तळ्यात शेणखत टाकतात, पाणी हिरवट व्हावं म्हणून. शिंपला पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर गाळतो आणि त्यातलं सूक्ष्म शेवाळ, जिवाणू, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे बारीक कण खातो. एक मोठा शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी असं गाळतो, हे खरंच आहे. विक्रेता तेवढं सांगतो आणि पुढचं गाळून टाकतो. काचेच्या टाकीतलं पाणी काही दिवसांतच गाळून संपतं आणि त्यानंतर तो रिकामं पाणी ओढत बसतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य तळाशी पडतं, ते त्याच्या उपयोगाचं नाही. चिमूटभर पावडर टाकली तर तीही फिल्टरच त्याच्याआधी ओढून घेतो.

आणि फिल्टर बंद केला तरी चालेल हे तर सरळ घातक आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये जे जिवाणू वाढलेले असतात ते माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. शिंपला यातलं काही करत नाही. तो कण गाळतो. विरघळलेला अमोनिया काढत नाही, उलट स्वतः त्यात भर घालतो. पाणी नितळ दिसतं, पण माशांसाठी सुरक्षित असेलच असं नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आणि अल्कलीयुक्त. अशा पाण्यात, त्यातही उन्हाळ्यात, अमोनियाचा विषारी अंश आणखी वाढतो.

आता ऑपरेशनचं. शिंपल्यात मणी बसवतात तो यासाठी, की शिंपला त्याच्यावर मोत्याचा थर चढवत जातो. मेलेले शिंपले मी टाकून दिले नाहीत. एकेक उघडून धुतला, वाळू चाळणीने चाळली. एका शिंपल्यात मणी सापडला: पांढरा, गुळगुळीत, नुसतं प्लॅस्टिक. मोत्याचा थर नावालाही नाही. बाकीच्यांत मणी नव्हता आणि तो गळून पडावा तर वाळूतही नव्हता. भाच्याला फोटो पाठवले. त्याचं म्हणणं, मणी बसवताना झाकणं अवजाराने थोडी उघडून धरावी लागतात, त्यामुळे कडेला बहुधा काही खूण उरते. यांच्या कडा अखंड होत्या.

आपल्या देशात गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं शास्त्र खोटं नाही, हे मुद्दाम लिहिते. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथे गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्र सरकारची संस्था आहे, 'सीफा' म्हणतात तिला. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, लॅमेलिडेन्स कोरियानस आणि पॅरेशिया कॉरुगाटा या आपल्याच नद्या-तळ्यांतल्या शिंपल्यांवर त्यांनी ही पद्धत बसवली. मणी बसवल्यावर शिंपले साधारण १० दिवस वेगळ्या पाण्यात, प्रतिजैविक आणि नैसर्गिक खाद्य देऊन सांभाळतात, मेलेले रोज काढतात. मग नायलॉनच्या जाळीत घालून तळ्यात टांगतात, १२ ते १८ महिने. तरीही सगळे जगत नाहीत आणि जगलेल्या प्रत्येकात विकण्याजोगा मोती निघत नाही.

हे वाचल्यावर मला माझ्यापुरता उलगडा झाला. ऑपरेशन केलेला शिंपला मरायचा असेल तर सुरुवातीच्या दिवसांत मरण्याची शक्यता जास्त, म्हणजे नेमका हमीच्या काळात. न केलेला शिंपला ते आठ दिवस हमखास काढतो. मग विक्रेत्याने मणी बसवण्याचे कष्ट का घ्यावेत? दीड वर्षानंतर शिंपला उघडून बघायला कुणी उरतच नाही, कारण तोवर तो उपाशी मेलेला असतो आणि दोष पाण्यावर ढकलता येतो.

माझ्यावरही तसाच ढकलला. फोन केला तेव्हा उत्तर तयार होतं: "आठ दिवस उलटले ना ताई. बोअरचं पाणी घातलं असणार. पुढचा संच निम्म्या भावात देतो." मणी नसल्याचं सांगितलं तर म्हणे, शिंपल्याने बाहेर टाकला असेल. वाळू चाळल्याचं सांगितल्यावर फोन कट झाला आणि नंतर माझा नंबरच ब्लॉक केला.

नदीकाठी मासे धरणाऱ्या एका भोई दादांना मी ते शिंपले दाखवले. त्यांनी हातात घेतला आणि लगेच म्हणाले, "ह्ये तर कृष्णेतलंच. पाणी उतरलं की लोक येत्यात, पोत्यानं भरून नेत्यात." किती पैसे मिळतात विचारलं, तर नगामागे काही रुपये. मी चारशे दिले होते. पैशांपलीकडे मला लागलं ते हे, की नदीतला जिवंत शिंपला, जो तिथे वर्षानुवर्षं जगला असता, तो उपाशी मरण्यासाठीच आमच्या टाक्यांमध्ये येतोय. पिल्लं होतील म्हणून सांगतात, तेही धरून चालू नका. या शिंपल्यांच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काढावे लागतात. टँकमध्ये पुढे ती जगत नाहीत.

कुणी घ्यायचं ठरवलंच असेल तर विक्रेत्याला एवढंच म्हणा: यातला मी निवडेन तो एक शिंपला माझ्यासमोर उघडा, त्याचे पैसे मी वेगळे देते. खरोखर मणी बसवलेला असेल तर तो नकार देणार नाही. आणि ज्यांच्या टाकीत आत्ता शिंपले आहेत त्यांनी ते वाळू भरलेल्या पसरट वाडग्यात ठेवा, म्हणजे वाळूत हरवणार नाहीत आणि रोज तपासता येतील. हात लावून मिटत नसेल तर लगेच बाहेर काढा. माशांना तांब्याचा अंश असलेलं औषध द्यायचं असेल तर मासे दुसऱ्या टाकीत घेऊन द्या. तांबं शिंपल्यांना फार थोडं असलं तरी विषारी ठरतं.

तक्रारीबद्दल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ऑनलाइन पैसे भरले आणि माल आलाच नाही, असं असेल तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. हेल्पलाइनवर प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझ्या तक्रारीला विक्रेत्याने उत्तर दिलंय की मोती परत विकायचे होते, म्हणजे खरेदी व्यवसायासाठी होती आणि मी ग्राहकच नाही. दहा शिंपले, घरातली एक टाकी, याला व्यवसाय कसं म्हणता येईल? तेच मी लिहून दिलंय. त्यांचे तेच गणपतीचे मोती आणि तीच टाकी आता दुसऱ्या नावाने कोल्हापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरताना दिसली आहेत. कुणी त्यांच्याकडून घेतले असतील तर छापील कागद, पावती, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. मेलेले शिंपले धुऊन, वाळवून, तारखेसह फोटो काढून ठेवा. आत मणी नाही याचा पुरावा तोच आहे.