‘व्हेनिसचं प्रदर्शन’ आणि माझे १,१४,७०० रुपये

तुमचं काचेचं शिल्प इटलीत व्हेनिसच्या प्रदर्शनात लावू, असं सांगून काही लोकांनी मला फसवलं. आधी १८,५०० ‘सहभाग शुल्क’. मग ३४,२०० पॅकिंग आणि विम्याचे. मग ६२,००० ‘कस्टम्सचं परत मिळणारं डिपॉझिट’. एकूण १,१४,७००. पुढे करन्सी टॅक्स म्हणून ४१,००० मागितले, तेव्हा मी हात आखडला. असले प्रकार कसे चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे मेल कसा आला, व्हॉट्सअ‍ॅपवर किती गोड बोलले, हे उगाळत नाही. काचेत काम करणाऱ्यांना नेमकं कुठे पकडतात, तेवढं सांगते.

मी शिल्पकला शिकले. कॉलेजात माती, प्लॅस्टर, दगड, फायबर, काच नाही. काच मी फिरोजाबादच्या कारागिरांकडे जाऊन शिकले, आणि भट्टीतलं कास्टिंग, म्हणजे काच साच्यात वितळवणं, स्वतः धडपडत. पुण्यात धायरीत पत्र्याची शेड भाड्याने घेतली, थ्री-फेज कनेक्शन घेतलं, इलेक्ट्रिक भट्टी बसवली. पण काचेचं शिल्प लावायचं म्हटलं की गॅलरीवाल्यांचा पहिला प्रश्न, फुटलं तर भरून कोण देणार? घ्यायला येणारे विचारतात, आत लाइट बसेल का? अशात कुणी म्हणालं की तुमचं काम व्हेनिसला लावू, मुरानो बेटापासून हाकेच्या अंतरावर, तर ते खोटं का वाटावं? आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसने आपल्या काचभट्ट्या हलवल्या त्या याच बेटावर. काचेतला माणूस या नावापाशी थांबतोच, आणि हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. ‘हाव नडली’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनाही सांगते, मला कुणी एक रुपया देऊ केला नव्हता. मला फक्त काम दाखवायचं होतं.

आता तो फोन. स्वतःला प्रदर्शनाचा इथला समन्वयक म्हणवणाऱ्याने सोमवारी संध्याकाळी केलेला. अस्खलित मराठी, वाक्यागणिक ताई. “ताई, एकाऐवजी दोन पीस लावू. दुसरा शुक्रवारपर्यंत तयार ठेवा.” मी त्याला समजावलं की माझं शिल्प, काचेचा मुखवटा, दहा सेंटीमीटर जाड आहे. आठशे अंशांच्या वर काच वितळून साच्यात उतरली, तरी पुढे ती भट्टीतच सावकाश थंड करावी लागते, त्यातच जवळपास सहा दिवस जातात. घाई केली तर काचेत ताण राहतो आणि बाहेर काढल्यावर, कधी कधी बऱ्याच दिवसांनी, ती आपसूक तडकते. यावर तो म्हणाला, “मग टेम्परेचर जरा वाढवा ना ताई, लवकर होईल.”

थंड करायचं बोलणं चाललंय आणि हा टेम्परेचर वाढवायला सांगतोय! काचेच्या प्रदर्शनाशी दुरूनही संबंध असलेला माणूस असं बोलणार नाही. मला ते खटकलं होतं. पण ऑफिसातल्या माणसाला भट्टीतलं काय कळणार, असंच कुणालाही वाटेल. दुसऱ्या दिवशी ६२,००० गेले. आत्याने एफडी मोडून दिलेले. त्यांच्या कागदावरही माझ्या शिल्पापुढे ‘ब्लोन ग्लास’, म्हणजे फुंकलेली काच, असं लिहिलेलं होतं. माझं शिल्प भरीव, साच्यातलं, अकरा किलोचं. फुंकलेली काच आतून पोकळ असते. क्युरेटरला एवढंही कळू नये?

एक लक्षात ठेवा, कस्टम्सचं डिपॉझिट कुणा माणसाच्या बचत खात्यात जात नाही. प्रदर्शनासाठी वस्तू तात्पुरती परदेशी न्यायची तर एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, आपल्याकडे तो फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. समोरचा कार्नेटचं नावही काढत नसेल तर फोन ठेवा. मला हे कॉलेजात कुणी सांगितलं नाही.

फसवणूक कळल्यावर मी धावत बँकेत गेले. तिथे मॅनेजर म्हणतात, “मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय.” रिझर्व्ह बँकेचं संरक्षण तुमच्या संमतीशिवाय गेलेल्या पैशांना आहे, फसवून काढलेल्या संमतीला नाही. चौकीत सांगितलं, हे दिवाणी प्रकरण, वकील गाठा. मग म्हणे सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि वर विचारलं, “काच म्हणजे शोपीस ना? मग ते तर तुमच्याकडेच आहे, गेलं काय?” गेलं काय! भवानी पेठेतून लाकूड आणून बनवलेला क्रेट, आत फोम मुखवट्याच्या नाकाच्या आकारात कापलेला, हे सगळं शेडमध्ये पडून आहे आणि आत्याला मी तोंड दाखवू शकत नाही. पैसे गेले ते खातं परराज्यातलं निघालं, तर म्हणाले हद्द आमची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो. हे मी त्यांना वाचून दाखवलं, तर साहेब जेवायला उठले. नकार दिलाच तर तक्रार लेखी, पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा, तरी हलले नाहीत तर न्यायदंडाधिकारी. पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी तेच करतेय, आणि कमाईच्या वयात माझे दिवस या बाकड्यांवर जातायत.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा तो पहिल्या तासाभरात. नंतर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पसार होतो. माझे ९,३४० रुपये तेवढे गोठवलेले सापडले. तेही सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं.

कॉलेजची वार्षिक प्रदर्शनं लागतात तेव्हा कामाशेजारच्या चिठ्ठीवर मुलं नाव, फोन, ईमेल लिहितात. माझा नंबर त्यांनी तिथूनच उचलला, असं तो समन्वयक स्वतःच बोलून गेला होता. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर संशयित नंबर तपासता येतो, पैसे भरायच्या आधी तिथे बघा. असा मेल आला असेल, तर एक रुपया गेलेला नसला तरी तो नंबर तिथे नोंदवा.