पीडीएफ, झेरॉक्स की लायब्ररी?

सेमिस्टर सुरू झालं की वर्गाच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: "पुस्तकाची पीडीएफ आहे का बे कुणाकडं?" आणि दोन मिनिटांत कुणीतरी टाकतंच. फुकट आणि झटपट, त्यात टेलिग्रामला तोड नाही.

पण तिथंच मेख आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या अभ्यासापुरत्या रास्त वापराला मुभा देतं. ऐंशी जणांच्या ग्रुपवर अख्खं पुस्तक टाकणं त्यात बसवायला वकीलही दमेल. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, एवढाच दिलासा. मी एकदा एका क्लासच्या नोट्स अशाच पुढं ढकलल्या. रात्री नीट पाहिलं तर प्रत्येक पानावर तिरक्या, फिकट अक्षरांत त्या नोट्स विकत घेणाऱ्या मित्राचा मोबाईल नंबर! फाइल डिलीट केली, पण तोवर ती कुठं कुठं गेली कोण जाणे.

टॉरेंट तर नकोच. फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना जात असतात, त्यामुळे "मी फक्त डाउनलोड केलं" म्हणायचीही सोय नाही.

झेरॉक्सचं जरा वेगळं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्यावर प्रकाशकांनी दावा ठोकला होता. शिकवण्याच्या गरजेपुरते उतारे काढून केलेले कोर्सपॅक चालतात, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये म्हटलं. म्हणून सरांनी सांगितलेली दोन प्रकरणं काढून आणायला मी कचरत नाही. अख्खं पुस्तक स्पायरल करून विकायला ठेवणं ही निराळी गोष्ट.

सोलापुरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय किंवा कॉलेजची लायब्ररी निर्धोक, फक्त हवं ते पुस्तक नेमकं परीक्षेच्या आठवड्यात बाहेर असतं. मुख्य विषयाचं पुस्तक सेकंड हँड घ्यावं, मागच्या वर्षीच्या पोरांकडून. वर पेन्सिलच्या खुणा फुकट.

घरबसल्या हवं असेल तर आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी, इग्नूचं ईज्ञानकोश, एनपीटीईएलची आयआयटी प्राध्यापकांची व्याख्यानं, प्रबंधांसाठी शोधगंगा. बरंचसं इंग्रजीत आणि आपल्या सिलॅबसशी तंतोतंत जुळणारं नाही, हे खरं. शिवाय वाचायला मोफत म्हणजे वाटायला मोकळं असं नव्हे. ग्रुपवर फाइलऐवजी लिंक टाकली की प्रश्नच मिटतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांची चंगळ आहे: लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजली की हक्क संपतो, मग खुशाल उतरवा आणि वाटा.

सॉफ्टवेअरला मात्र खासगी वापराची ती मुभाही नाही. कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रॅम तिथून स्पष्ट वगळलेत. ऑटोकॅडवाली ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर मोफत देते, गणिती कामाच्या मॅटलॅबऐवजी मोफतचं ऑक्टेव्ह चालून जातं. क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी प्रत, टाकायचा आणि वर अँटिव्हायरस बंद करायचा, हा व्यवहार मला कधीच पटला नाही.