एचडीएमआय केबलची निवड: तपकीर गल्लीतील खरेदीचा अनुभव

सात महिन्यांपूर्वी आमच्या कोथरूडच्या घरी ५५ इंची फोर-के (पूर्ण एचडीच्या चौपट ठिपके दाखवणारा) टीव्ही आला. तो भिंतीवर बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने पिशवीतून सोनेरी टोकांची आणि कापडी वेष्टणाची एक एचडीएमआय केबल (टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर) काढली व ‘काका, एवढा भारी टीव्ही घेतलाय, साध्या केबलने रंग उठणार नाहीत’ असे सांगून ती २,८०० रुपयांना आमच्या गळ्यात मारली. महिन्याभराने सेट-टॉप बॉक्ससोबत आलेली सडपातळ काळी केबल कपाटात सापडली. सहज म्हणून ती लावून पाहिली, तर चित्रात काडीचाही फरक दिसला नाही. त्यानंतर या विषयाचा थोडा अभ्यास करून मी पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालाची बाजारपेठ, गाठली आणि वेगवेगळ्या गरजांसाठी चार केबली घेतल्या. त्या केबली आणि ती गल्ली, या दोहोंविषयी येथे लिहीत आहे.

गल्लीत स्वतःचे वाहन नेण्याचा विचार कोणी करू नये; मंडई मेट्रो स्थानकावर उतरून पायी जाणे हेच शहाणपणाचे. दुकाने लहान आहेत, बोलणे मोजके आहे, आणि ‘चांगली दाखवा’ एवढेच म्हटले तर दुकानदार तुमच्याकडे न पाहता सर्वांत मोठे खोके पुढे करतो. मात्र ‘दोन मीटर, फोर-के साठ हर्ट्झ, प्रमाणपत्राचे लेबल असलेली’ अशी नेमकी मागणी केली (हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) की त्याच माणसाचा सूर बदलतो आणि मागच्या फळीवरचा माल पुढे येतो. अशी नेमकी मागणी करता येण्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते.

एचडीएमआय केबलमधून चित्र अंकांच्या स्वरूपात जाते. हे अंक पलीकडे अचूक पोहोचले की चित्र जसे आहे तसे उमटते. केबल सोन्याची असल्यामुळे त्यातील निळा रंग अधिक निळा होत नाही. सोन्याच्या मुलाम्याने टोके गंजत नाहीत, एवढाच काय तो लाभ, आणि तसा मुलामा स्वस्त केबलींवरही बहुधा असतोच. उलट केबल अपुरी पडली तर रंग फिके होत नाहीत, पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा सेकंद-दोन सेकंद पडदा काळा होऊन चित्र परत येते. १०८० ओळींचे पूर्ण एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट (साडेचार अब्ज अंक) नेण्याची क्षमता पुरते. डीटीएचच्या एचडी वाहिन्यांना त्याहून जास्त लागत नाही. म्हणजे ज्या घरात फक्त मालिका, बातम्या आणि क्रिकेट चालते, तिथे २५० रुपयांची दीड मीटरची केबल पूर्णपणे पुरेशी आहे. माझ्या चारपैकी पहिली तीच होती आणि तिच्याविषयी तक्रार करण्याजोगे काहीही नाही.

खरा घोळ खोक्यावरच्या मजकुराने होतो. ‘२.०’, ‘२.१’ हे आकडे यंत्रांच्या मानकाचे आहेत. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा नेण्याची सोय २०१३ च्या २.० मानकाने आणली, आणि २०१७ च्या २.१ मानकाने ती १२० वेळांपर्यंत नेली. केबलची ओळख मात्र तिच्या वर्गावरून करायची असते. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ गिगाबिट. या दोन्ही वर्गांच्या अधिकृत खोक्यांवर पडताळणीचे लेबल असते आणि ते मोबाइलवरील अधिकृत अ‍ॅपने तपासता येते. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून ही तपासणी केली, तेव्हा दुकानदाराला आधी रागच आला आणि नंतर कुतूहल वाटले. ज्या खोक्यावर ‘एट-के’ (फोर-केच्याही पुढची पायरी) ही अक्षरे सर्वांत मोठी होती, त्याच खोक्यावर हे लेबल नव्हते.

तरीही ती ‘एट-के’ केबल मी मुद्दाम घेतली. भाच्याचा प्लेस्टेशन ५ (टीव्हीवर खेळ खेळण्याचे यंत्र) आमच्याकडे असतो, आणि त्याच्यासोबत आलेली केबल कपाटातून टीव्हीपर्यंत पोहोचत नव्हती, त्यामुळे तीन मीटरची हवी होती. लेबल नसलेली केबल ७०० रुपयांना आणि लेबल असलेली अल्ट्रा हाय स्पीड १,४५० रुपयांना मिळाली. पहिलीवर फोर-के ६० हर्ट्झपर्यंत सारे सुरळीत चालले, परंतु १२० हर्ट्झची निवड करताच दर दहा-पंधरा मिनिटांनी पडदा काळा होऊ लागला, तोही नेमका खेळ रंगात आला असताना. दुसरीवर तीन आठवड्यांत एकदाही असे घडले नाही. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे: केबलला दोष देण्यापूर्वी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एचडीएमआय खाचेची वाढीव क्षमता चालू आहे का, हे पाहावे. अनेक संचांत ती मुळात बंद असते, काही संचांत एक-दोन खाचांनाच १२० हर्ट्झची सोय असते, आणि निष्पाप केबल परत करायला माणूस गल्लीत जातो.

चौथी केबल सोसायटीसाठी होती आणि तिनेच सर्वाधिक डोके खाल्ले. आमच्या सभागृहातील टीव्ही भिंतीवर उंच आहे, तर सेट-टॉप बॉक्स आणि लॅपटॉपची जागा कार्यालयाच्या कपाटात. मधले अंतर १५ मीटर. तांब्याच्या केबलीत अंतर वाढेल तसा संकेत क्षीण होत जातो. आधीच्या १५ मीटरच्या तांब्याच्या केबलीवर एचडी वाहिन्या दिसत, पण लॅपटॉपवरून फोर-के चित्र पाठवले की पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडे. माझ्या मते तीन मीटरपर्यंत निर्धास्त राहावे, पाच मीटरपर्यंत लेबल पाहून घ्यावी आणि त्यापुढे काचतंतूची ऑप्टिकल केबल घ्यावी. ती आम्हाला ४,६०० रुपयांना पडली. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असे लिहिलेले असते, आणि उलट लावल्यास काहीही दिसत नाही. आम्ही ती पहिल्यांदा उलटीच ओढली, हे कबूल केलेले बरे.

त्याआधीची अडचण भिंतीतील पाइपची होती. बांधकामाच्या वेळी टाकलेल्या पाऊण इंची पाइपमधून एचडीएमआयचे १९ पिनांचे डोके जात नाही. ‘मधे कापून जोडून देतो’ ही वायरमनची सूचना डिशच्या वायरीला चालते, येथे चालत नाही. गल्लीतील दुकानदाराने अखेर सुटे डोके असलेली ऑप्टिकल केबल काढून दिली. तिचे मूळ टोक बारीक असते आणि ओढून झाल्यावर त्यावर मोठे डोके बसवता येते. हा सल्ला आपणहून देणारा दुकानदार मला तिसऱ्या दुकानात भेटला. ज्यांच्या घराचे काम सुरू आहे, त्यांनी किमान दीड इंची पाइप टाकून घ्यावा आणि त्यात काटकोनी वळण ठेवू नये.

साउंडबारसाठी वेगळी केबल घेण्याचे कारण नव्हते. टीव्हीच्या ज्या खाचेवर ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलने बाहेर पाठवण्याची सोय) लिहिले आहे, तिथेच तो साध्या एचडीएमआय केबलने जोडला की आवाज सुरू होतो.

राहिला वडिलांचा जुना डीव्हीडी प्लेअर, ज्यावर ते अजूनही नाटकांच्या व्हीसीडी लावतात. त्याच्या मागे पिवळी-लाल-पांढरी जोडणी आहे, शिवाय हिरवी-निळी-लाल अशी कंपोनंटचीही (चित्र तीन वायरींत विभागून नेणारी) आहे. लाल रंग दोन्हीकडे असल्याने गोंधळ होतो; एक लाल उजव्या बाजूच्या आवाजाचा, दुसरा चित्राचा. डीव्हीडीसाठी कंपोनंट जोडणी पिवळ्या वायरीपेक्षा स्पष्टपणे चांगली, पण आमच्या नव्या संचात ती सोयच नाही. त्यात हेडफोनसारखे एकच छिद्र आहे आणि त्यासाठी वेगळी आखूड वायर लागते. सर्व वायरींतील जोडणीचा क्रम सारखा नसतो, त्यामुळे मोबाइलवर छिद्राचा फोटो आणि संचाचा मॉडेल क्रमांक घेऊन जावे. एका दुकानात मला यासाठी ‘एचडी करून देणारा’ कन्व्हर्टर दाखवण्यात आला. व्हीसीडीचे चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे असते. त्यात नसलेला तपशील कोणतीही डबी भरू शकत नाही. मी १२० रुपयांची वायर घेतली.

गल्लीबद्दल तक्रार एकच: मागितल्याशिवाय छापील बिल मिळत नाही, आणि बिलाशिवाय केबल बदलून मिळणे दुकानदाराच्या मर्जीवर राहते. लेबल नसलेली ‘एट-के’ केबल मी बिल दाखवून परत केली आणि त्या पैशात सोसायटीच्या केबलसाठी भिंतीवरच्या पट्ट्या व क्लिपा आणल्या. सोनेरी केबल सध्या वडिलांच्या खोलीतील सेट-टॉप बॉक्सला आहे. त्यांच्या मते ती फार जाड आहे आणि टीव्ही भिंतीलगत सरकू देत नाही.