भात की ज्वारीची भाकर?

नागपुरात भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटतच नाही, भंडारा-गोंदियाचा धानपट्टा बाजूलाच आहे म्हणून असेल. पण तब्येतीचं बघाल तर भाकर पुढे आहे भाऊ. 100 ग्रॅम ज्वारीत फायबर साधारण 10 ग्रॅम, पॉलिश केलेल्या तांदळात 3 च्याही आत, म्हणून भाताने शुगर पटकन चढते आणि चार वाजता परत भूक लागते, भाकर-पिठलं खाल्लं की पोट दम धरून राहते. शुगरवाल्यांनी भाकरही मोजूनच खावी म्हणा.

पर्यावरणाचं तर विचारूच नका. धानाच्या बांधीत पाणी साचून राहते, त्या चिखलातून हवा तापवणारा मिथेन वायू निघतो, ज्वारी मात्र कमी पाण्यात निघते आणि कडबा ढोरांना होतो. तरी शेतकरी ज्वारी कमी करून सोयाबीन लावून राहिले, पाखरं कणसं खातात ते वेगळंच. 2023 ला ज्वारी-बाजरीसारख्या भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय मिलेट वर्ष झालं, हॉटेलात भाकर महाग झाली, बस!

भाताची एकच जमेची बाजू, कुकर लावला की सुटलो. भाकरीला गरम पाण्यात पीठ मळा, थापा, कडा फाटल्या की परत मळा. मी तरी रात्री भाकर, दुपारी वरण-भात, तोही अर्धी वाटी.